स्मारक नाणी आणि त्यांवरील अक्षरे

पन्नास वर्षे पुरी करणाऱ्या संस्थेस आपल्या आयुष्याची काही खूण मागे ठेवावीशी वाटते, हे स्वाभाविकच आहे. कोणी स्मरणिका काढतात, कोणी सभागृहाच्या भिंतीत कोनशिला बसवितात, कोणी चांदीची पदके पाडून देणगीदारांस भेट देतात. पदक पाडण्यास कोणाची आडकाठी नाही. परंतु त्याच चांदीच्या चकतीवर मंडळाच्या नावाखाली 'पन्नास रुपये' असे दोन शब्द घालावयाचे म्हटले, की प्रकरण एकदम गंभीर होते. कारण त्या दोन शब्दांनी पदकाचे नाणे होऊ पाहते, आणि नाणे पाडण्याचा अधिकार या देशात एकट्या केंद्र सरकारचा आहे. सन २०११ च्या नाणे अधिनियमाने स्मारक नाण्याची जी व्याख्या केली आहे, तिचा मथितार्थही हाच आहे. एखाद्या विशिष्ट प्रसंगाच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ शासनाने, किंवा शासनाने अधिकार दिलेल्या संस्थेने, मुद्रित केलेले आणि ज्याचे मूल्य भारतीय चलनात व्यक्त केले आहे, ते स्मारक नाणे. स्मरण कोणीही करावे; मूल्य मात्र राजसत्तेने घालावयाचे.

नाण्यांचा शौक असणारे गृहस्थ बहुधा धातू, वजन आणि दुर्मिळता यांविषयी बोलतात. आम्हांस येथे निराळ्याच गोष्टीविषयी लिहावयाचे आहे, ती म्हणजे नाण्यावरील अक्षरे. ती कोण ठरवितो, कोणत्या भाषेत ठरवितो, आणि आपल्या थोरांची नावे जेव्हा राष्ट्राच्या नाण्यावर चढतात तेव्हा ती आपल्या उच्चारात चढतात की दुसऱ्याच्या, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला थोडा अधिक जाणवतो. दारावरच्या पाटीवर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर आपले आडनाव दर वेळी नव्या रूपात पाहण्याची त्यास सवय झालेली असते.

प्रथम आजची रीत पाहू. स्मारक नाणे काढावयाचे ठरले म्हणजे अर्थमंत्रालय २०११ च्या अधिनियमाखाली नियम करते आणि ते राजपत्रात प्रसिद्ध होतात. उदाहरणादाखल नव्या संसद भवनाच्या उद्घाटनप्रसंगी, मे २०२३ मध्ये निघालेले ७५ रुपयांचे नाणे घ्यावे. आकार वर्तुळाकार, व्यास ४४ मिलिमीटर, कडेवर २०० दाते, वजन ३५ ग्रॅम. धातू चार, त्यांत चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के. दर्शनी बाजूस मध्यभागी अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, त्याखाली 'सत्यमेव जयते', डाव्या कडेस देवनागरीत 'भारत', उजव्या कडेस रोमन लिपीत 'इंडिया', आणि सिंहशीर्षाखाली रुपयाचे चिन्ह व ७५ हा अंक. मागील बाजूस संसद संकुलाचे चित्र, वरच्या कडेस देवनागरीत 'संसद संकुल', खालच्या कडेस त्याचेच इंग्रजी रूप, आणि आंतरराष्ट्रीय अंकांत वर्ष. कडेचे दाते मोजून सांगणारे हे शासन अक्षरांच्या बाबतीतही काही मोघम ठेवीत नाही. एक बाजू राष्ट्राची, ती ठरलेली. दुसरी बाजू प्रसंगाची, ती दर वेळी नवी. आपल्याकडे मुले छापा-काटा खेळतात तेव्हा त्यांस हे ठाऊक नसते की एकीकडे कायम राहणारी सत्ता आहे आणि दुसरीकडे येणारीजाणारी आठवण.

भाषा कोणती, याचे उत्तर मात्र नाण्याच्या कायद्यात शोधून सापडणार नाही. ते राज्यघटनेत आहे. ३४३ व्या अनुच्छेदाने संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी ठरविली आणि शासकीय कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले. पुढे १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने इंग्रजीचा वापर चालू ठेवला. म्हणून नाण्यावर हिंदी आणि इंग्रजी. म्हणूनच देवनागरी अक्षरांशेजारी देवनागरी अंक दिसत नाहीत.

हे नवे नाही. हिंदुस्थानात नाण्यावरची भाषा ही नेहमीच सत्तेची भाषा होती, आणि कित्येकदा ती सत्ता केवळ नावापुरतीच उरलेली असे. पेशवाईच्या काळातील पुण्याचा अंकुशी रुपया पाहावा. त्यावर अंकुशाची खूण आहे, परंतु मुद्रालेख फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे! ज्यांच्या फौजा दिल्लीत तळ देऊन बसत होत्या, त्यांचा रुपया बाजारात चालावा म्हणून त्यावर बादशहाचे नाव लागत होते. इंग्रजांच्या कंपनीनेही दीर्घकाळ तेच केले. सराफास ओळखीचे अक्षर हवे असते. ते वाचता आले नाही तरी चालते.

या प्रथेस छेद देणारे नाणे त्यापूर्वी शंभर वर्षे महाराष्ट्रात पडले होते. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करविला, तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी आपल्या नावाने पाडली. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति'. लिपी नागरी, भाषा आपली. चांदीच्या रुपयावर पुढे बादशहा परतला, पण तांब्याच्या शिवराईवरचे हे शब्द हटले नाहीत. महाराजांच्या पश्चात दीडशे वर्षे आणि अधिक काळ ती चालत राहिली. शेतकऱ्याच्या कनवटीला जे नाणे होते, त्यावरच ती अक्षरे टिकली, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते. मात्र टाकसाळी अनेक, ठसे खोदणारे कारागीर अनेक, आणि सर्वांसच अक्षरज्ञान सारखे नव्हते. त्यामुळे कोठे 'शिव' तर कोठे 'सिव', कोठे 'पति' ऱ्हस्व तर कोठे दीर्घ. शुद्धलेखनाचा नियम नव्हता, पण नाव ओळखू येत होते.

नियम आला तो १८३५ साली. त्या वर्षीच्या सतराव्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखास एकच रुपया लागू केला : वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. एवढ्यावर तो कायदा थांबला नाही. दर्शनी बाजूस इंग्लंडच्या राज्यकर्त्याचे मस्तक व नाव, मागील बाजूस नाण्याचे नाव इंग्रजी व फारसीत आणि 'ईस्ट इंडिया कंपनी' हे शब्द इंग्रजीत असावेत, असे त्याने कलमबद्ध केले. नक्षी काय असावी तेवढे गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोडले. मोगल बादशहाचे नाव रुपयावरून उतरले ते असे, एका कलमाने. पुढे १९०६ च्या नाणे कायद्याने आकार, नक्षी आणि धातू अधिसूचनेद्वारे ठरविण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला, आणि आजचा कायदा त्याच वाटेने चालतो. सन १९०७ पासून निघालेल्या निकेलच्या एक आण्यावर इंग्रजीखेरीज नागरी, उर्दू, बंगाली आणि तेलुगू अशा चार लिप्यांत 'एक आणा' लिहिलेले असे. परक्या सरकारने खुर्द्यावर का होईना चार लिप्यांस जागा दिली होती, हे नमूद करण्यासारखे आहे.

नक्षी कायदेशीर असली म्हणजे ती निर्वेध असते असेही नाही. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील मानचिन्हात हत्ती कोरला होता. सोंड आखूड, पाय ठेंगणे. लोकांस तो डुक्कर दिसला. मुसलमान प्रजेने हरकत घेतली आणि सरकारास पुढच्याच वर्षी हत्ती दुरुस्त करून नवा ठसा करावा लागला. अगदी अलीकडे, २००६ मध्ये, दोन रुपयांच्या नाण्यावर 'अनेकता में एकता' या कल्पनेसाठी एकमेकींस छेदणाऱ्या रेघा घातल्या, तर त्यात क्रूस दिसला म्हणून गिल्ला झाला आणि ती नक्षी जाऊन हाताच्या मुद्रा आल्या. पाहणारा काय पाहील, याचे कलम कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही.

संस्थानांची गोष्ट थोडी वेगळी होती, आणि बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील आमच्या वाचकांस ती जवळची आहे. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या यंत्रावर पाडलेल्या बडोद्याच्या रुपयावर पगडी घातलेली महाराजांची मुद्रा आहे आणि भोवती नागरीत 'श्री सयाजीराव म. गायकवाड'. गुजराती मुलखात, इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली, राजाचे नाव त्याच्या घरच्या रूपात नाण्यावर होते. आपले पूर्वज जेथे जेथे गेले, तेथे दरबाराबरोबर अक्षरेही गेली होती.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये राजाचे मस्तक जाऊन सिंहशीर्ष आले. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली, तेव्हा नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' असे लिहून सरकारने लोकांस गणित समजावले. स्मारक नाण्यांची परंपरा मात्र १९६४ मध्ये, पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या प्रतिमेच्या नाण्यांनी सुरू झाली. त्यांतील पन्नास पैशांचे नाणे दोन प्रकारांत निघाले. एकावर नाव इंग्रजीत, एकावर हिंदीत. तेव्हा दोन्ही भाषा एकाच कडेवर बसविण्याचा साचा ठरला नव्हता. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीचे चांदीचे दहा रुपये आले, आणि पुढे अन्नधान्य, कुटुंबनियोजन असे शासनाचे कार्यक्रमही नाण्यांवर आले. त्यांविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही. धान्याच्या कणसास कोणत्याच भाषेत तक्रार नसते.

महाराष्ट्राचे थोर पुरुष या पंक्तीत उशिरा, पण सन्मानाने आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया १९९० चा. १९९९ मध्ये ज्ञानेश्वर माउलींचा एक रुपया आणि शिवछत्रपतींचे दोन रुपये. २००२ मध्ये संत तुकारामांचे दोन रुपये. ज्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याचे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांस रोख रकमेवर पाहून ते स्वतः काय म्हणाले असते कोण जाणे. २००७ मध्ये लोकमान्यांच्या सार्धशताब्दीनिमित्त शंभर आणि पाच रुपयांची नाणी निघाली. पाच रुपयांचे नाणे आपल्यापैकी अनेकांच्या हातून गेले असेल. त्यावर देवनागरीत नाव आहे : 'लोकमान्य बाल गंगाधर तिलक'.

येथे आम्हांस थांबणे भाग आहे. 'बाळ' चे 'बाल' झाले आणि 'टिळक' चे 'तिलक' झाले. एका नावात दोन ठिकाणी 'ळ' गेला, आणि 'ट' चा 'त' झाला तो वेगळाच. कोणी म्हणेल, हिंदीत त्यांस तिलकच म्हणतात, आणि ते प्रेमानेच म्हणतात. काशीपासून कलकत्त्यापर्यंत 'तिलक महाराज' हे नाव ज्या आदराने घेतले गेले, तो आदर काही व्याकरणाने कमी होत नाही. हे आम्हांस मान्य आहे. बोलणाराच्या जिभेवर आमचा रोष नाही. परंतु नाणे हे बोलणे नव्हे. तो दस्तऐवज आहे. विशेषनामाचे भाषांतर करावयाचे नसते, आणि लिपी तर दोन्ही भाषांची एकच आहे! तमिळ किंवा बंगाली नावास देवनागरीत आणताना तडजोड अटळ असते. मराठी नाव देवनागरीतून देवनागरीत आणताना तडजोड कशासाठी? हिंदीच्या मानक वर्णमालेतही 'ळ' या अक्षरास स्थान दिलेले आहे. तेव्हा कायदा आडवा येतो असेही नाही. राज्यघटना भाषा ठरविते, अधिनियम अधिकार देतो. आडनाव कसे लिहावे हे त्यांपैकी कोणीच सांगत नाही. ते मसुदा लिहिणाऱ्या लेखनिकाच्या सवयीने ठरते, राजपत्रात छापले जाते, पोलादी ठशात कोरले जाते आणि मग लाखो वेळा उमटते.

हाच न्याय 'छत्रपति' या शब्दास लावून कोणी ऱ्हस्व-दीर्घाचा वाद उभा करील, तर आम्ही त्यात पडणार नाही. मराठीत शब्दाच्या अंती दीर्घ लिहावयाचे हा नियम आमच्या काळातला. महाराजांच्या शिवराईवर ऱ्हस्वही आहे आणि दीर्घही. तेथे उच्चार बिघडत नाही आणि माणूस बदलत नाही. 'टिळक' आणि 'तिलक' यांत मात्र बदलतो. एक कोकणातील चिखलीचे घराणे आहे, दुसरे कपाळावरचे गंध.

हे टाळता येते का? अमेरिकेत स्मारक नाण्याच्या प्रत्येक योजनेसाठी विधिमंडळास स्वतंत्र कायदा करावा लागतो. नाण्यावर 'लिबर्टी' हा शब्द, ईश्वरावरील विश्वासाचे वचन, देशाचे नाव, वर्ष आणि मूल्य असलेच पाहिजे, असे तेथील कायद्याचे बंधन आहे; १९९६ च्या सुधारणेने वर्षाला दोनच योजना अशी मर्यादाही घातली. शिवाय २००३ पासून नागरिकांची एक सल्लागार समिती प्रत्येक नक्षी आधी पाहते. आपल्याकडील अधिनियमात अशा समितीची तरतूद नाही. नियम संसदेपुढे ठेवावे लागतात खरे, परंतु तोवर ठसा तयार झालेला असतो.

आपल्या कायद्याचे मौन न्यायालयानेही वाचले आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची सहस्राब्दी आणि वैष्णोदेवी संस्थान यांच्या स्मारक नाण्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज झाला, तेव्हा २०१८ मध्ये तो फेटाळताना अधिनियमात अशा नाण्यांस मनाई नाही, असेच कारण पुढे आले. कायद्याने नक्षीवर फारशी बंधने घातलेली नाहीत. जी घातली आहेत ती मूल्यावर. नाणे एक हजार रुपयांहून अधिक मूल्याचे असू नये, एवढी मर्यादा. तिच्या आत कोणताही आकडा चालतो, आणि शासनाने त्याचा मुक्तहस्ते उपयोग केला आहे. कलकत्त्याच्या अलिपूर टाकसाळीस साठ वर्षे झाली तेव्हा साठ रुपयांचे, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीस २०१५ मध्ये १२५ रुपयांचे, गुरू गोविंदसिंगांच्या ३५० व्या प्रकाशपर्वाचे ३५० रुपयांचे नाणे निघाले. युरोपात असला विषम आकडा एकदा मोठ्या युक्तीने वापरला गेला. वॉटर्लूच्या लढाईस दोनशे वर्षे झाली म्हणून २०१५ मध्ये बेल्जियम दोन युरोचे स्मारक नाणे काढणार होते. ते सगळ्या युरो-देशांत चालले असते. फ्रान्सने हरकत घेतली, आणि पराभवाची आठवण रोज खिशात बाळगणे कोणास आवडेल? बेल्जियमने ते नाणे मागे घेतले आणि अडीच युरोचे काढले. असे विषम मूल्याचे नाणे फक्त काढणाऱ्या देशातच चालते, म्हणून त्यास दुसऱ्याची संमती लागत नाही.

आपली विषम नाणी कायद्याने चलन असली तरी व्यवहारात संग्राहकाच्या पेटीबाहेर येत नाहीत. ती दर्शनी किमतीहून कितीतरी अधिक दराने टाकसाळीकडून विकत घ्यावी लागतात. जी साध्या मूल्याची असतात तीच हिंडतात, आणि त्यांचे निराळेच हाल होतात. दहा रुपयांच्या नाण्यांवर इतक्या प्रसंगांच्या नक्ष्या आल्या, की दुकानदार ती खोटी म्हणून नाकारू लागले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेस चौदाही नक्ष्यांची नाणी वैध असल्याचे जाहीर करावे लागले.

३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त ३०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. चौंडीची कन्या, इंदूर-महेश्वरची राणी, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत जिच्या घाटांवर व मंदिरांत भाविकांचे पाय लागतात ती बाई, तीनशे वर्षांनी राष्ट्राच्या नाण्यावर आली, याचा आनंद माळव्यातील मराठी घरांस विशेष झाला असेल. त्यांचे आडनाव हिंदीत सर्रास 'होलकर' असे लिहिले जाते. येथेही तोच 'ळ'. ज्या गावांत मराठी मंडळे पन्नास-पन्नास वर्षे चालू आहेत, तेथील जाणत्या मंडळींनी, पुढच्या वेळी एखाद्या मराठी नावाचे नाणे निघणार असल्याचे कानी येताच, अर्थमंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागास त्या नावाचे शुद्ध देवनागरी रूप लिहून कळवावे. राजपत्र छापले जाण्यापूर्वी हे काम एका पोस्टकार्डाचे आहे. छापले गेल्यावर ते कोणाच्याच हातचे राहत नाही.

तूर्त आपली अक्षरे पाहावयाची असल्यास नाणे बाजूस ठेवून नोट हाती घ्यावी. नोटेच्या मागील बाजूस भाषांचा एक उभा पट्टा असतो. त्यात इंग्रजी वर्णक्रमाने आसामीपासून उर्दूपर्यंत पंधरा ओळी आहेत. मराठी आठवी, म्हणजे बरोबर मधली. शंभराच्या नोटेवर तेथे 'शंभर रुपये' असे लिहिलेले आहे, आणि पाचशेच्या नोटेवर 'पाचशे रुपये'.